रोज सकाळी पाठ थोपटणाऱ्या आईला

आई, तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली की गल्लीतल्या नव्या भाडेकरूंना तू कोण होतीस तेही ठाऊक नाही, आणि मी मात्र अजून अधूनमधून सकाळी दात घासताना तुझ्याशी भांडते. मनातल्या मनात नाही, चांगली ओठ हलवून. मागच्या महिन्यात आण्णांनी विचारलं, कुणाशी बोलतीयास? मी म्हटलं, कुणाशी न्हाय. त्यांना कळलं असणार. पण ते गप्प बसले. तुझ्याशी लग्न झाल्यावर ते गप्प झाले की आधीपासूनच गप्प होते, हे मला कधी कळलेलं नाही.

आज पुन्हा हे सगळं वर आलं त्याचं कारण अगदी साधं आहे. दवाखान्यात फिजिओथेरपीची एक नवी मुलगी आली आहे. तिनं माझ्या छातीचे जुने-नवे एक्स-रे बघितले, छातीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाली, "मॅडम, इतक्या वर्षांचा आजार असून फुप्फुसं चांगली राखलीत तुम्ही. लहानपणी कफ कोण काढून द्यायचं?" मी म्हटलं, आई. "त्या शिकलेल्या होत्या का?" म्हटलं, नाही, मेसमध्ये स्वयंपाकाला होती. तर ती दोन्ही हात गालावर ठेवून म्हणते, "किती ग्रेट ना!" आणि आई, माझं डोकं सटकलं. ग्रेट म्हणायला काय जातं? तिला तुझ्या हाताखाली उलटं टांगून घ्यावं लागलं नव्हतं. घरी येऊन चहा घेतला तरी तो शब्द डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. तू ग्रेट नव्हतीस. तू अशक्य होतीस.

तीन वर्षांची असताना मला गावाकडं, शाहूवाडीत, डांग्या खोकला झाला आणि तेव्हापासून माझी छाती कधी कोरडी झाली नाही, ही गोष्ट तू इतक्या लोकांना सांगितलीस की ती मला माझी स्वतःची वाटतच नाही. दर पावसाळ्यात ताप, दर तापाला इंजेक्शन. एका डॉक्टरनं क्षयाची औषधं दिली, ती पुरी संपवली, खोकला होता तिथंच. मी नववीत असताना एका छातीच्या डॉक्टरांनी मिरजेला स्कॅन करायला पाठवलं आणि मग खुर्ची पुढं ओढून आपल्या तिघांना नीट समजावलं. फुप्फुसातल्या काही श्वासनळ्या सैल पडून फुगल्या आहेत. कफ वर यायच्या ऐवजी त्या पिशव्यांमध्ये साचून राहतो, कुजतो, त्यात जंतू वाढतात, नळ्या आणखी सैल होतात. त्या परत पहिल्यासारख्या व्हायच्या नाहीत. पण साचलेला कफ रोज काढला, तर पोरगी चांगली जगेल. नाही काढला, तर हळूहळू फुप्फुस वाया जाईल. आण्णा जमिनीकडं बघत होते. मी रडायच्या बेतात होते. तू फक्त एवढंच विचारलंस, "कसा काढायचा ते दावा."

ते दाखवायला एक वयस्कर बाई होत्या. पलंगाचं पायथ्याकडचं टोक उंच केलेलं, मी कुशीवर, डोकं खाली, पाठीवर टॉवेल. म्हणजे कफ आपल्या वजनानंच घशाकडं उतरतो, आणि वरून थोपटलं की चिकटलेला सुटतो. त्या बाईंनी हाताचा तळवा पाणी प्यायला वाकवतात तसा वाकवला, पाठीच्या कण्याला न लागता बरगड्यांवर लयीत थोपटलं आणि म्हणाल्या, आवाज पोकळ आला पाहिजे. मग तुझी पाळी. रोज मेसच्या पोरांच्या भाकऱ्या थापणारा तुझा हात. पहिलाच फटका असा सपाट बसला की मी ओरडून उठून बसले. बाई म्हणाल्या, "अहो, भाकरी नाही ही." दुसरी एखादी ओशाळली असती. तू म्हणालीस, "मग नीट सांगा की. एकदा दावून कुणाला येतंय?" आणि त्यांचा हात हातात धरून त्यांच्याच दंडावर थोपटून बघितलंस, मग स्वतःच्या मांडीवर, मग बाजूला उभ्या असलेल्या आण्णांच्या खांद्यावर. बाहेर बाकावर बसलेले पेशंट दारातून बघायला लागले. पोकळ आवाज येईपर्यंत तू हटली नाहीस. आला तेव्हा सगळ्या खोलीकडं असं बघितलंस, जणू कुस्ती मारली.

त्या दिवसापासून माझी सकाळ माझी राहिली नाही. लोखंडी कॉटच्या पायथ्याला विटा, उशाला काही नाही, एक तांब्या गरम पाणी, आणि तुझा आवाज, "चल बाय, वाकडी हो." मी डोकं खाली करून पडलेली असते आणि तू थोपटत बोलत असतेस. मेसच्या मालकानं तेल कसं कमी केलं, कुठल्या क्लासच्या पोरानं आमटीत झुरळ काढून दाखवलं आणि ते झुरळ नव्हतंच, जिरं होतं, आण्णांच्या फौंड्रीत ओव्हरटाइम कुणाला दिला आणि कुणाला नाही. मला उत्तर देता येत नसे, तोंडात कफ असे. मला आता वाटतं, तुला ते फार सोयीचं होतं. घरात बाकी कुणी तुझं एवढा वेळ न उठता ऐकलं नसतं. मग मी खोकायची, झाकणाच्या डब्यात थुंकायची आणि तू डबा खिडकीपाशी उजेडात धरून बघायचीस. इथवर ठीक होतं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, रंग बदलला तर लगेच दाखवायला या. पण तू तो रंग खिडकीतून बाहेर नळावर असलेल्या आण्णांना ओरडून सांगायचीस. "आज हिरवा हाय ओ!" नळावर काय आण्णा एकटे असायचे? सगळ्या गल्लीला माझ्या कफाचा रंग माझ्या आधी कळायचा. शाळेला निघाले की कोपऱ्यावरची म्हातारी विचारायची, "आज पांढरा न्हवं का गं?" जशी पावसाचीच चौकशी.

एकही सकाळ तू सोडली नाहीस, हे लोक कौतुकानं सांगतात. मला कौतुक नव्हतं. मावसबहिणीच्या लग्नाला आपण गावी गेलो होतो, आठवतं? मला वाटलं, लग्नघरात एक दिवस सुटका. तिथं कॉट नव्हती, विटा नव्हत्या. तू पडवीतली भाताची पोती एकावर एक रचलीस आणि मला त्यावर पालथी घातलीस. बायका बांगड्या भरायला बसल्या होत्या. कासार बांगडी हातात धरून थांबला. नवरी सुद्धा मुंडावळ्या बाजूला करून बघत होती. मी जरीचं परकर-पोलकं घालून पोत्यावरून खाली लोंबत होते आणि तू सगळ्यांना समजावून सांगत होतीस, "नळ्या सैल झाल्यात हिच्या. गटार तुंबतंय बगा, तसंच."

कॉलेजात गेल्यावर मी तुझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते. म्हटलं, आई, लोकांना सांग, ॲलर्जी आहे. सगळ्यांना असते. तू पोळपाटावरून मानही वर केली नाहीस. "कशापायी? चोरी केलीयास व्हय?" मी म्हटलं, लोक लांब बसतात. "लांब बसत्यात ते टीबी हाय समजून. म्हणून तर खरं सांगाय पायजे. न सांगता खोकत बसलीस तर टीबीच म्हंतील की." यात तर्क होता. तुझ्या सगळ्याच बोलण्यात तर्क असायचा, हाच तर वैताग होता. चूक असतीस तर भांडून मोकळी झाले असते.

मग ती स्थळं. बी.कॉम. होऊन मी राजारामपुरीत एका डीटीपीच्या दुकानात लागले होते, लग्नपत्रिका आणि क्लासची हँडबिलं टाइप करायची. विहारातल्या ओळखीनं पहिलं स्थळ आलं. चांगली माणसं, पोहे खाल्ले, मुलाच्या आईनं मला स्वयंपाकाचं विचारलं आणि तू मध्येच म्हणालीस, "सैपाक येतोय तिला. तुमी हात दावा."

त्या बाईंना वाटलं, हात बघता येतो तुला. त्यांनी तळवा पुढं केला. तू तो वाकवलास. "असा धरा. पोरीच्या छातीत कफ साटतोय. लागट न्हाय, टीबी न्हाय, लेकरं-बाळं व्हतील. पर रोज सकाळी थोपटाय लागतंय. तुमच्यात कोन थोपटंल ते आत्ताच ठरवा."

ते कळवतो म्हणाले आणि त्यांनी कधीच कळवलं नाही. दुसऱ्या स्थळानं पोहेही संपवले नाहीत. तिसऱ्याच्या वेळी मी तुला आधी हात जोडून सांगितलं होतं, आज काही बोलू नकोस, मी मुलाला एकटं भेटून सांगीन. तू म्हणालीस, बरं. ते आले, बसले, आणि पाण्याचे पेले खाली ठेवायच्या आत तू सुरू झालीस.

तो एस.टी.त क्लार्क होता, जयसिंगपूरकडचा. बाकीच्यांसारखा तो दाराकडं बघत नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, दुखत नाही का त्यांना?" मला तो 'त्यांना' म्हणाला. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तू म्हणालीस, नीट केलं तर दुखत न्हाय, या, शिका. आणि माझ्या पाठीला हात लावणं काही तेव्हा शक्य नव्हतं, म्हणून तू आण्णांना उठवलंस आणि कॉटवर पालथं झोपवलंस. पाहुण्यांच्या देखत. आण्णा त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते. त्या मुलानं बाह्या सारल्या आणि आपल्या होणाऱ्या सासऱ्याच्या पाठीवर थोपटायला लागला. "जोरात! पोकळ आवाज आला पायजे! मदल्या हाडावर नको!" तू शेजारी उभी राहून ओरडतेस, आण्णा उशीत तोंड घालून पडलेत, त्यांचे खांदे हलतात ते थोपटण्यानं की हसण्यानं ते कळत नाही, मुलाची आई पदरानं वारा घेते आहे, आणि तो घामाघूम होऊन मान वर करतो, माझ्याकडं बघतो आणि हसतो. मी पण हसले. आई, मला तो आवडला होता. तुला ते कळलं नसेल असं नाही.

आठवड्यानं मध्यस्थ आला. मुलगी पसंत होती, आजाराचंही त्यांनी डॉक्टरला विचारून घेतलं होतं, त्याची अडचण नव्हती. पण मुलाची आई म्हणाली होती, "पोरगी ग्वाड हाय. पर तिची आई पोरगी देत न्हाय, नोकरीची परीक्षा घेती. उद्या रोज सकाळी दारात उभी ऱ्हाईल हात बगाय." आणि ते खरंच होतं! तू उभी राहिली असतीस! आण्णा बाहेर निघून गेले. मी ताट सरकवून उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यावर ओरडले.

"झालं समाधान? आजारानं न्हाय मोडलं. तुझ्यानं मोडलं."

"मोडू दे. थोपटायची लाज वाटणारं घर कशाला पायजे?"

"त्याला लाज वाटली नव्हती!"

"त्याला न्हवती. त्याच्या आईला व्हती. घर आईचं असतंय, पोराचं न्हाय." मग पातेलं आपटून म्हणालीस, "मी काय जल्मभर पुरनार हाय व्हय तुला?"

मी म्हटलं, पुरू नकोस. मला कुणाचाच हात नको.

ते मी खरं करून दाखवायचं ठरवलं. राजारामपुरीतच, दुकानापासून जवळ, एका छातीच्या दवाखान्यात फिजिओथेरपी करणाऱ्या बाई आल्या होत्या. कामावरून सुटले की मी त्यांच्याकडं जायला लागले. त्यांनी सांगितलं, थोपटणं चुकीचं नाही, पण तेच एक नाही. तुमचा श्वासच कफ हलवू शकतो. आधी खांदे सैल सोडून पोटातून हळू श्वास. मग तीन-चार खोल श्वास, आत घेतला की क्षणभर धरायचा, म्हणजे हवा आडवाटेनं कफाच्या मागं जाते. पुन्हा हळू श्वास. आणि मग तोंड उघडं ठेवून, आरशावर वाफ सोडतात तसं जोरात 'हफ्'. खोकायचं नाही, हफ्. कफ वर सरकत घशाशी आला की मगच एक खोकला. आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी मला काही जमलं नाही, चक्कर आली. महिन्याभरात जमायला लागलं. एक दिवस त्यांच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसून, कुणीही हात न लावता, डोकं खाली न करता, माझी छाती मोकळी झाली. रस्त्यावर येऊन मी एक रिक्षा सोडली, दुसरी सोडली आणि घरापर्यंत चालत आले. नुसता श्वास आत जातो आणि बाहेर येतो, याचीच मजा वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला सांगितलं, आजपासून माझं मी करणार. तू हसलीस. मी आतल्या खोलीची कडी लावली. तू दाराला कान लावून उभी राहिलीस, हे मला फटीतून दिसणाऱ्या तुझ्या पायांवरून कळत होतं.

"काय करतीयास? आवाज येत न्हाय."

"याला आवाज नसतो."

"मग कफ कसा सुटनार? श्वास तर आमी बी घेतो!"

बाहेर आले तर तू हात पुढं केलास. "दाव." मी डबा धुऊन ठेवला होता. तुझा चेहरा असा झाला की जणू घरातली भांडीच कुणी नेली. "धुतलास? मला न दावता?" त्यानंतर कितीतरी दिवस आपलं एवढंच बोलणं व्हायचं. कडी, धक्का, दाव, न्हाय दावत. तू मेसला उशिरा जायला लागलीस, पण दारापाशी उभं राहायचं सोडलं नाहीस. मी पंचविशी ओलांडली होती, आई. माझी थुंकी तरी माझी असावी एवढंच म्हणत होते.

त्या हिवाळ्यात मला ताप आला आणि कफातून रक्त पडलं. तुला माहीत आहे, या आजारात कधीकधी पडतं. तू मात्र डबा बघून भिंतीला टेकलीस आणि लगेच थोपटण्यासाठी कॉटखाली विटा लावायला गेलीस. डॉक्टरांनी बजावलं, रक्त थांबेपर्यंत थोपटायचं अजिबात नाही. ताप उतरून मी कामावर गेले त्या दिवशी तू मेसच्या वेळात, मला न सांगता, राजारामपुरीत त्या फिजिओथेरपीच्या बाईंशी भांडायला गेलीस. मला दुकानात फोन आला, तुमच्या आई इथं आहेत, जरा येता का. मी धावत गेले तर तू त्यांच्या टेबलापुढं उभी. "आमी इतकी वर्सं थोपटलं तवा रगात न्हाय पडलं. तुमचं फुंकर मारणं आलं आनि पडलं." बाई शांत होत्या. म्हणाल्या, "मावशी, रक्त जंतूंमुळं पडलं, त्यांचं औषध चालू आहे. आणि फुंकर नाही ती. बसा, तुम्हीच करून बघा, म्हणजे कळेल."

तू बसलीस ती त्यांना खोटं पाडायला. हळू श्वास जमला. पहिला खोल श्वास घेतलास, धरता आला नाही. दुसऱ्याला तोंड उघडलंस. तिसऱ्याला तू टेबलाची कड धरलीस आणि ओठ निळसर झाले. बाईंनी तुझी नाडी धरली, मग वाकून तुझ्या पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. त्यांनी विचारलं, "मावशी, रात्री आडवं झोपता येतं?"

तू म्हणालीस, "बसून झोपायची सवय हाय. त्यात काय?"

सवय! एकाच खोलीत झोपायचो आपण, मला वाटायचं तू भिंतीला टेकून जप करतेस. रोज उजेडात माझ्या थुंकीचा रंग बघणारी बाई, स्वतःचे पाय सुजून पैंजण निघेना म्हणून ते कापून काढते आणि कुणाला सांगत नाही. हृदयाची सोनोग्राफी झाली. लहानपणी कधीतरी सांधे सुजून ताप आला असणार, डॉक्टर म्हणाले, त्यानं झडप आकसली आहे, ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर. आण्णांनी फौंड्रीत साहेबांना सांगून रजेची सोय केली. सगळं ठरलं आणि तू नाही म्हणालीस.

"म्हैनाभर मी आडवी पडली तर हिला कोन थोपटनार?"

आण्णा पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. "अगं, ती करती न्हवं का तिचं ती!"

"करती म्हंती. आपल्याला काय दिसतंय?"

उन्हाळाभर हेच. मी समजावलं, ओरडले, जेवण सोडलं. बाईंनी घरी येऊन सांगितलं. तुझं एकच, पोरीच्या छातीचं काय. मला आता वाटतं, तुला ऑपरेशनची भीती वाटत होती. छाती कापणार म्हटल्यावर कुणालाही वाटेल. पण तसं म्हणणं तुला जमत नव्हतं, म्हणून तू माझ्या कफाच्या आड लपलीस. किंवा लपली नसशीलही. खरंच वाटत असेल तुला की तुझ्या हाताशिवाय मी बुडेन. यातलं कुठलं खरं ते सांगायच्या आधी निघून गेलीस, आणि मी दोन्ही धरून दोन्हीवर चिडत राहते.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा मी एका सकाळी कडी लावली नाही. तुला आत बोलावलं आणि समोर खुर्चीवर बसवलं. म्हटलं, मध्ये बोलायचं नाही. खांदे सैल सोडून श्वास, मग खोल श्वास, मग हफ्. तू बोलली नाहीस, पण माझ्याबरोबर तुझी मान वरखाली होत होती. एकदा मला मुद्दाम थांबावंसं वाटलं, इतकी तू जवळून बघत होतीस. मग खोकला आला आणि मी डबा तुझ्या हातात दिला. तू उठलीस, खिडकीपाशी गेलीस, डबा वाकडा करून बराच वेळ बघितलंस.

"व्हय," म्हणालीस. "निघालाय की सगळा."

आणि डबा माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेलीस. चहा ठेवलास. तिथूनच आण्णांना म्हणालीस, "दसरा झाल्यावरची तारीख घ्या."

तुझ्या हृदयानं दसऱ्यापर्यंत वाट बघितली नाही. श्रावणात तुला ताप आला, दम लागला, दवाखान्यात ठेवलं. बायकांचा मोठा वॉर्ड. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताला सुई. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी झालंय, बोलू देऊ नका. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, छातीत घरघर, आणि तिचा मुलगा तिच्या पाठीवर हात मारत बसला होता. मी औषध आणायला खाली गेले. वर आले तर तुझा मास्क गळ्यात, तू कोपरावर उठलेली, आणि वॉर्डभर आवाज, "ओ पावणं! तसं न्हाय! हात वाकवा, वाकवा की! मदलं हाड सोडून!" सिस्टर धावत आल्या. तुला म्हणाल्या, आजी, मरायचंय का? तू मास्क लावू दिलास आणि मास्क तोंडावर असतानाही खुणेनं त्याला हात कसा वाकवायचा ते दाखवत राहिलीस. मी खाटेच्या कडेला बसले आणि तुझा हात धरून खाली दाबून ठेवला. इतका राग आला होता मला. संध्याकाळी आण्णा कामावरून आले, मी जेवणाचा डबा आणायला घरी गेले, आणि तू गेलीस.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही ते बरंच आहे. तुला वाचता येत नव्हतं, तू ते घेऊन गल्लीत कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेतलं असतंस. म्हणून जे कुणाला सांगितलं नाही ते एवढं शेवटी लिहिते. तुला नेल्यावर घर माणसांनी भरलं. दोन खोल्यांत गावाकडची सगळी, तुझ्या फोटोपुढं मेणबत्त्या, उदबत्त्यांचा धूर. दोन दिवस मला छाती मोकळी करायला जागा मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी श्वास घेतला की आत घरघरायला लागलं. मी आतल्या खोलीत गेले, बायकांना बाहेर काढलं आणि कडी लावली. खांदे सैल सोडले, हळू श्वास घेतला, मग खोल, मग हफ्, हफ्. खोकला आला, पुन्हा हफ्. कितीतरी वेळ. मग बाहेरून मावशीचा आवाज आला, "दार वाजवू नगा गं. पोरीला रडाय आलं एकदाचं. रडू दे तिला पोटभर."

मी रडत नव्हते, आई. कफ काढत होते. तोंड धुऊन बाहेर आले तेव्हा सगळ्यांनी मला जवळ घेतलं, आणि मी घेऊ दिलं.